जीप वळत नसेल, तर बोल्ट कापण्याआधी माप घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या जीपगाड्यांना नवे ॲक्सल बसवण्याच्या हौसेविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाला गाडीचे वेड आहे हे ओळीओळीतून दिसते, आणि मराठी वर्तमानपत्रात नकल (ॲक्सलच्या टोकाचा, पुढचे चाक ज्यावर वळते तो सांधा), टायरॉड (दोन्ही चाकांचे वळणे जोडणारा दांडा), पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) हे शब्द इतक्या मोकळेपणाने छापून आलेले पाहून, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवण्यात नोकरी घालवलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शिल्पनिदेशकाला बरेच वाटले. परंतु ॲक्सल बदलल्यावर गाडी पूर्वीसारखी वळत नाही या तक्रारीवर लेखाच्या अखेरीस ‘नकलवरचे स्टॉप बोल्ट थोडे कापून घ्यावेत’ असा जो एका वाक्यातला उपाय सांगितला आहे, तो वाचून राहवले नाही म्हणून हे पत्र. काही गाड्यांना हा उपाय निरुपयोगी आहे, काहींना घातक आहे, आणि ज्या थोड्या गाड्यांना तो खरोखर लागू पडतो, त्यांनाही तो सर्वांत शेवटी करायचा असतो.

पुढचे चाक वळता वळता कुठेतरी थांबते. ते कोण थांबवते, हे पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. नकलवरचा स्टॉप बोल्ट हौसिंगवरच्या, म्हणजे ॲक्सलच्या न वळणाऱ्या कवचावरच्या, बोंडाला टेकला म्हणून चाक थांबले, तर ते योग्य जागी थांबले. स्टीअरिंग बॉक्सचा आतला प्रवासच संपला म्हणून थांबले, तर बोल्ट अजून हवेत असतो आणि तो कापून काहीही साधत नाही. तिसरी शक्यता अशी, की या दोन्हींच्या आधीच टायर पाट्यांना घासतो, टायरॉड डिफरन्शियलच्या (ॲक्सलमधल्या गियरच्या गोळ्याच्या) झाकणाला लागतो किंवा ड्रॅगलिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून नकलकडे जाणारा दांडा) शॉक ॲब्सॉर्बरला अडते. ॲक्सल बदलताना या तिन्ही गोष्टी एकदम बदललेल्या असतात, त्यामुळे ‘ॲक्सल बदलला आणि वळणे कमी झाले’ एवढ्या माहितीवर कोणालाच निदान करता येणार नाही.

आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. माझ्या पुतण्याकडे ऐंशी इंची, म्हणजे २०३२ मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) जुनी जीप आहे. या जातीच्या गाडीत मुळात मध्ये बेल क्रँक (ढकलण्याची दिशा बदलणारी तरफ) असते आणि तिच्यापासून दोन्ही चाकांकडे दोन टायरॉड जातात. ती व्यवस्था आधीच्याच मालकाने काढून टाकून उजवीकडे, पुढे स्टीअरिंग बॉक्स आणि तिथून डाव्या नकलपर्यंत आडवी ड्रॅगलिंक अशी मांडणी केलेली होती. पुतण्याने मूळचा बंद नकलचा, ड्रम ब्रेकचा पुढचा ॲक्सल उतरवून त्या जागी मागाहूनच्या एका जीपचा उघड्या नकलचा, डिस्क ब्रेकवाला रुंद ॲक्सल बसवून घेतला. ब्रेक अर्थातच सुधारले. पण विहीर आणि गोठा यांच्यामधल्या ज्या मोकळ्या जागेत जीप पूर्वी एका दमात फिरत असे, तिथे ती उजवीकडे तशीच फिरू लागली आणि डावीकडे वळताना मात्र एकदा मागे घ्यावी लागू लागली.

ज्या गॅरेजमध्ये काम झाले, तिथे त्याला दोन कारणे सांगण्यात आली. नवा ॲक्सल रुंद आहे, आणि टायर मागे मडगार्डला लागू नये म्हणून तो इंचभर पुढे घेतला आहे; त्यामुळे वळण वाढणारच. ऐकायला हे पटते, पण हिशेबात टिकत नाही. बाहेरच्या पुढच्या चाकाची वळणत्रिज्या म्हणजे ढोबळमानाने व्हीलबेस भागिले त्या चाकाच्या वळणकोनाची ज्या (साइन). व्हीलबेस एका इंचाने वाढला तर त्रिज्येत सव्वा टक्का, म्हणजे सहा-सात सेंटिमीटर भर पडते. दोन्ही किंगपिनांमधले (चाके ज्यांवर वळतात त्या खुंट्यांमधले) अंतर १.१ मीटरवरून १.२ मीटर झाले आणि आतले चाक तेवढेच वळत राहिले, तर आणखी नऊएक सेंटिमीटर. दोन्ही मिळून वीतभरही होत नाही. शिवाय रुंदी आणि व्हीलबेस ही कारणे दोन्ही बाजूंना सारखी लागू होतात. उजवीकडे ठीक आणि डावीकडे कमी, असा दुजाभाव ती करू शकत नाहीत.

गॅरेजने यावर जो इलाज केला तो फार प्रचलित आहे आणि फसवा आहे. ड्रॅगलिंकचे सॉकेट फिरवून तिची लांबी थोडी बदलली, म्हणजे उजवीकडचे थोडे वळण काढून डावीकडे दिले. दोन्ही बाजू जवळपास सारख्या झाल्या आणि पुतण्याही खूश झाला. महिन्याभराने तो सांगू लागला, की सरळ रस्त्याला स्टीअरिंग हातात पोकळ लागते, गाडी सारखी सावरावी लागते. या तक्रारीचा आणि त्या इलाजाचा थेट संबंध होता. जुन्या स्टीअरिंग बॉक्सची रचनाच अशी असते, की अगदी मध्यावर त्याची पकड सर्वांत घट्ट आणि मध्यापासून दूर गेल्यावर ती सैल. चाके सरळ असताना बॉक्स मध्यावर नसेल, तर तुम्ही कायम सैल भागात गाडी चालवत असता. आम्ही ड्रॅगलिंक नकलपासून सोडवून स्टीअरिंगचे फेरे मोजले. टोकापासून टोकापर्यंत चार फेरे होते, पण चाके सरळ असण्याच्या जागेपासून एका बाजूला पावणेदोन आणि दुसऱ्या बाजूला सव्वादोन. ड्रॅगलिंक पुन्हा नऊ मिलिमीटरने सारखी केल्यावर दोन्हीकडे दोन-दोन फेरे आले, सरळ चालण्यातला पोकळपणा गेला, आणि अर्थातच डावीकडचे वळण पुन्हा कमी झाले. म्हणजे मूळ दुखणे जिथल्या तिथे होते.

त्यानंतर आम्ही माप घेतले. यासाठी महागड्या अलाइनमेंट यंत्राची गरज नाही. सपाट कोब्यावर गाडी उभी करून पुढच्या प्रत्येक चाकाखाली मध्ये ग्रीस थापलेले दोन पत्रे ठेवले, म्हणजे चाक वजनाखाली असूनही सहज फिरते. चाके सरळ असताना रिमला सरळ फळी टेकवून तिच्या दोन टोकांवरून ओळंबा सोडला, जमिनीवर खुणा केल्या आणि खडूने रेघ मारली. मग स्टीअरिंग पूर्ण डावीकडे नेऊन डाव्या चाकाची दुसरी रेघ मारली. दोन रेघा जिथे छेदतात तिथून पहिल्या रेघेवर एक मीटर मोजायचे आणि तिथून गुण्या लावून दुसऱ्या रेघेपर्यंतचे अंतर पाहायचे. ते ५८ सेंटिमीटर भरले तर चाक ३० अंश वळले. आमचे ४५ सेंटिमीटरच्या थोडे पुढे आले, म्हणजे साडेचोवीस अंश. उजवीकडे वळवून उजव्या चाकाचे माप घेतले, तेव्हा ते बरोबर ५८ आले.

स्टीअरिंग पूर्ण डावीकडे धरून मी गाडीखाली गेलो. डाव्या नकलवरचा स्टॉप बोल्ट आणि हौसिंगचे बोंड यांच्यामधून माझ्या खिशातली पेन्सिल आरपार गेली. उजवीकडे वळवल्यावर उजव्या बोल्टखालून कागदही सरकेना. पुतण्या ग्राइंडर हातात घेऊनच उभा होता. “काका, मग डावा बोल्ट कापायचा ना?” असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याच्या हातात ती पेन्सिल ठेवली. जो बोल्ट टेकतच नाही, तो कापून चाक कसे वळणार?

आता डावीकडेच असे का, हा प्रश्न उरतो, आणि या साऱ्या प्रकरणातला हाच भाग मला सर्वांत रंजक वाटतो. गाडी वळताना आतले चाक लहान वर्तुळात आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळात फिरते, म्हणून आतल्याला जास्त कोनात वळावे लागते. चारचाकी गाड्याचा अख्खा पुढचा आस मधल्या खिळ्यावर फिरवण्याऐवजी प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वेगवेगळ्या कोनात वळवण्याची युक्ती म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराची. तिचे इंग्लंडमधले पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमन यांनी घेतले आणि नाव त्यांचेच राहिले. आमच्या मापाच्या जीपमध्ये आतले चाक ३० अंश वळते तेव्हा बाहेरचे चोवीसच्या किंचित खाली असते. आमची ड्रॅगलिंक डाव्या नकलला बांधलेली आहे. उजवीकडे वळताना डावे चाक बाहेरचे असते, त्याला चोवीसच अंश जायचे असते आणि बॉक्स तेवढे देऊ शकतो. डावीकडे वळताना मात्र तेच चाक आतले होते, त्याला तीस अंश हवे असतात, आणि बॉक्सची धाव साडेचोवीसवरच संपते.

पूर्वी ती का संपत नव्हती, याचे उत्तर गोठ्यात पडलेल्या जुन्या ॲक्सलने दिले. किंगपिनच्या मध्यापासून ड्रॅगलिंकच्या बॉलच्या मध्यापर्यंत जुन्या नकलचा हात १५० मिलिमीटर होता, नव्याचा १८०. स्टीअरिंग बॉक्सचा ड्रॉप आर्म, ज्याला पुस्तकात पिटमन आर्म म्हणतात, तो १३० मिलिमीटरचा आहे आणि मध्यापासून प्रत्येक बाजूला सुमारे ३५ अंश फिरतो. म्हणजे ड्रॅगलिंक एका बाजूला साधारण ७५ मिलिमीटर सरकते, त्याहून जास्त नाही. तेवढ्या सरकण्याने १५० मिलिमीटरचा हात तीस अंश वळतो आणि १८० मिलिमीटरचा साडेचोवीस. विहिरीवरचा लांब रहाट फिरवायला हलका पण हात दूरवर न्यावा लागतो, तसाच हा व्यवहार आहे. लांब हाताने स्टीअरिंग हलके झाले होते, आणि त्याचेच पुतण्याला आधी कौतुक वाटले होते. तीन सेंटिमीटरच्या या फरकाने डावीकडची वळणत्रिज्या सुमारे ५.०५ मीटरवरून ५.९ मीटरवर गेली, म्हणजे वर्तुळाचा व्यास पावणेदोन मीटरने वाढला. ज्या रुंदीला आणि इंचभर व्हीलबेसला दोष दिला जात होता, त्यांच्या वाट्याची वीत याच्या तुलनेत कुठेच नाही.

उपाय यावरूनच निघतो. ड्रॉप आर्म त्याच प्रमाणात लांब हवा; १३० च्या जागी १५५-१५६ मिलिमीटर. तो त्याच स्प्लाइनचा (दात्यांचा), त्याच टेपरचा (निमुळतेपणाचा), घडीव आणि अखंड मिळाला पाहिजे. जुना आर्म कापून मध्ये तुकडा वेल्ड करणे किंवा गॅसने तापवून वाकवणे हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, आणि त्याविषयी सौम्य शब्द मला वापरता येत नाहीत. घडीव पोलादावर जे उष्णसंस्कार केलेले असतात ते वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी निघून जातात, आणि हा तुकडा मोडला तर स्टीअरिंग आणि चाके यांचा संबंधच उरत नाही. आम्हाला योग्य आर्म मिळायला पाच आठवडे लागले आणि तोवर जीप उभी राहिली. बसवल्यावर डाव्या चाकाचा कोन साडेएकोणतीस अंश आला. बाहेरचा टायर ओला करून अंगणात एक पूर्ण फेरा मारला आणि ओल्या वर्तुळाचा व्यास टेपने मोजला, तो सव्वादहा मीटर भरला. आधी तो बारा मीटरला टेकत होता. स्टीअरिंग पूर्वीपेक्षा जड झाले आहे, ही त्याची किंमत.

आर्म लांब केल्यावर काम तिथेच संपत नाही. आता बॉक्सची धाव पुरेशी झाल्यामुळे दोन्ही बाजूंना स्टॉप बोल्ट बॉक्सच्या आधी टेकतो आहे ना, हे पाहून तो नव्याने लावावा लागतो. एरवी दगडावर आदळलेल्या चाकाचा सगळा धक्का बॉक्सच्या आतल्या भागांवर जातो. लांब आर्म फिरताना पाट्यांच्या हँगरला किंवा बंपरच्या ब्रॅकेटला लागत नाही ना, आणि ड्रॅगलिंक टायरॉडला शक्य तितकी समांतर राहिली आहे ना, हेही तपासायचे. ती तिरकी झाली की खड्ड्यात चाक खालीवर होताना गाडी आपोआप बाजूला ओढली जाते. आणि डिस्क ब्रेकची रबरी नळी. गाडी जॅकवर उचलून, चाके लटकू देऊन, दोन्हीकडे पूर्ण वळवून ती नळी ताणली जात नाही ना हे हाताने चाचपून पाहावे. आमची डावीकडची नळी नव्या कोनात अगदी तंग झाली होती, आणि जुन्या कमी कोनात ते कधी लक्षातच आले नसते.

आता तो बोल्ट. उघड्या नकलच्या ॲक्सलमध्ये आतला क्रॉस, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवणारा युनिव्हर्सल जॉइंट, एका मर्यादेपलीकडे वाकू शकत नाही. तिथे योकचे, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांचे, कान एकमेकांना भिडतात. बोल्ट ती वेळ येऊ नये म्हणूनच असतो. शिवाय क्रॉस जितका वाकतो तितके चाक हिसके देत फिरते. तीस अंशांच्या कोनात आतला शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी बाहेरचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा त्याच्या सुमारे ८७ टक्के वेगापर्यंत मंदावतो आणि दोनदा ११५ टक्क्यांपर्यंत धावतो. फोर-व्हील लावून, चाक पूर्ण वळवून, दगडावर ॲक्सिलरेटर दाबला की अर्धा शाफ्ट किंवा क्रॉसचा कान तुटतो तो नेमका याच स्थितीत. ज्यांचा बोल्ट खरोखर टेकतो आणि टेकल्यावरही टायर, नळी व क्रॉस यांना मोकळीक उरते, त्यांनी तो अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने मागे घ्यावा, दर वेळी चाक हवेत ठेवून हाताने पूर्ण फेरा फिरवून कुठे खट्ट वाजत नाही ना हे ऐकावे, आणि बोल्ट जागेवर धरणारा चेकनट आवळावा. ग्राइंडरने कापलेला बोल्ट पुन्हा लांब होत नाही.

लेखासोबतच्या छायाचित्राविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. त्या जीपचा टायरॉड दगडांपासून वाचावा म्हणून ॲक्सलच्या मागून पुढे आणलेला दिसतो. लेखकाने त्याचे कौतुक केले आहे, परंतु नकलचे हात मागच्या टायरॉडसाठी आत झुकवलेले असतात. डाव्या-उजव्या नकलची अदलाबदल करून तेच हात पुढे आणले, तर आकरमनचा हिशेब उलटा होतो आणि आतले चाक बाहेरच्यापेक्षा कमी वळते. अशी गाडी वळताना पुढचे टायर फरफटतात, कोब्यावर किंचाळतात, आणि वर्तुळ मोठे होते. स्टॉप बोल्ट कितीही कापले तरी हे दुरुस्त होणार नाही. तसेच पुढच्या डिफरन्शियलला लॉकर (दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी जोडणी) बसवला असेल किंवा कोरड्या डांबरावर फोर-व्हील चुकून लागलेले राहिले असेल, तर गाडी वळणाला विरोध करणारच. तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींचे निदान गाडीच्या आत बसून फोर-व्हीलच्या लिव्हरकडे पाहूनच होते.

टायर घासत असल्याचे प्रकरण मी थोडक्यात उरकतो, कारण ते डोळ्यांना दिसते. पाट्यांवर काळी, गुळगुळीत घासलेली जागा असेल तर रुंद टायर किंवा चुकीच्या ऑफसेटची (टायरला जास्त आत नेणारी) रिम हे कारण. त्यावर स्पेसर घालून चाक बाहेर काढणे हा स्वस्त उपाय आहे आणि बेअरिंगवरचा भार वाढवणारा आहे.

कायद्याचा उल्लेख लेखात अजिबात नाही, तो असायला हवा होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हीच भूमिका स्पष्ट केली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९८ तर थेट स्टीअरिंगविषयीच आहे. स्टीअरिंग चक्रावर तीस अंशांहून जास्त ढिलाई नसावी, जोडणीचे बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी झाकलेले असावेत आणि जिथे बोल्ट किंवा पिना आहेत तिथे त्या पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, असे तो सांगतो. ॲक्सल बदललेल्या किती गाड्यांमध्ये कॅसलनटला नवी स्प्लिट पिन असते आणि कितींमध्ये वाकवलेला खिळा, हे आपल्या वार्ताहराने एकदा खाली वाकून पाहावे. आमची जीप याला अपवाद आहे असा माझा दावा नाही. तिचा ॲक्सल आणि तिचे कागद आता जुळत नाहीत, म्हणून ती शेताच्या बांधाबाहेर, डांबरावर येत नाही. पुतण्याला हे आवडत नाही, आणि त्याच्यापुढे मी याविषयी बोललो की तो पेन्सिलीचा विषय काढतो.

पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे आणि शनिवार-रविवारी घरच्या घरी पाने घेऊन बसणारे त्यात पुष्कळ असतील. म्हणून विनंती एवढीच, की स्टॉप बोल्ट कापण्याचा सल्ला मागे घेतल्याची चार ओळींची सूचना पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी. आणि जागा असेल, तर त्या चार ओळींत बोल्टखालून कागद किंवा पेन्सिल जाते का हे आधी पाहण्यास सांगावे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
पाटण, जि. सातारा